कपाळावरच्या आठ्या

गेल्या महिन्यात मुलीशी कडाक्याचं भांडण झालं. कारण काय, तर क्लिंगॉन लोकांचं कपाळ! हसू नका, प्रकरण गंभीर आहे.

'स्टार ट्रेक' अमेरिकेत सुरू झाली १९६६ मध्ये आणि ७९ भागांनंतर १९६९ मध्ये बंद पडली. आमच्यापर्यंत ती आली ऐंशीच्या दशकात, दूरदर्शनवर. शेजारच्या काकूंच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीसमोर सतरंजीवर बसून मी आणि बाबा ती बघायचो. इंग्रजी निम्मंअधिक डोक्यावरून जायचं. बाबा मधूनमधून अर्थ सांगायचे. (त्यातला बराचसा त्यांनी मनानेच रचलेला होता, हे पुढे डीव्हीडी घेतल्यावर कळलं!)

पुढे मी कुठूनतरी 'नेक्स्ट जनरेशन'च्या कॅसेट मिळवल्या. टकला कॅप्टन पिकार्ड दिसताच बाबांनी निकाल दिला, "हा कसला कॅप्टन? हा तर आमचा हेडमास्तर!" आणि उठून पेपर वाचायला गेले. मला मात्र पिकार्डच आपला कॅप्टन वाटला.

असो. तर कपाळ. मूळ मालिकेतले क्लिंगॉन म्हणजे काळपट मेकअप आणि मिशा, बस्स. १९७९ च्या पहिल्या चित्रपटात (ज्यात आपली पर्सिस खंबाटा डोक्याचा गोटा करून होती) त्यांच्या कपाळावर अचानक हाडांचे उंचवटे उगवले. खुलासा शून्य. १९९६ मध्ये 'डीप स्पेस नाइन'मधल्या वॉर्फला सहकारी याबद्दल विचारतात, तर तो म्हणतो, आम्ही परक्यांशी या विषयावर बोलत नाही. शेवटी २००५ मध्ये 'एंटरप्राइज'ने सांगितलं की जनुकीय प्रयोगातून पसरलेल्या विषाणूमुळे काही क्लिंगॉनांची कपाळं सपाट झाली होती. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे ओळखीचं वाटेल. आधी बग, मग 'नोन इश्यू', आणि नऊ वर्षांनी डॉक्युमेंटेशन.

आणि २०१७ मध्ये 'डिस्कव्हरी'ने ते सगळं पुन्हा बदललं. कपाळं तर बदललीच, वर डोक्यावरचे केसही गेले.

मुलीने हौसेने ही मालिका माझ्यासोबत बघायला घेतली होती. मी दर दोन मिनिटांनी काहीतरी काढत होतो. हे असं नव्हतं, ते तसं नव्हतं. शेवटी तिने लॅपटॉप मिटला. "बाबा, तुला बघायचंच नाहीये. तुला फक्त ते चूक आहे हे सिद्ध करायचंय." आणि खोलीत निघून गेली.

रात्री झोप लागेना. 'नेक्स्ट जनरेशन'चे १७८ भाग मी बहुतेक एकट्यानेच पाहिले. त्यात १९९२ चा 'द इनर लाइट' आहे. पिकार्ड काही मिनिटं बेशुद्ध पडतो आणि तेवढ्या वेळात दुसऱ्याच माणसाचं अख्खं आयुष्य जगून येतो. तो भाग संपल्यावर मला कुणाशीतरी बोलायचं होतं. बाबा पलीकडच्याच खोलीत होते. मी गेलो नाही. हेडमास्तर म्हणाले होते ना, मग कशाला जायचं? आता बाबा नाहीत.

'डिस्कव्हरी' मला अजूनही फारशी आवडत नाही. नायिका बर्नम सोडली तर जहाजावरच्या निम्म्या लोकांची धड ओळखच होत नाही, हे माझं मत कायम आहे. पण ते मत आणि उठून पेपर वाचायला जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सकाळी तिचं दार वाजवलं. "पुढचा भाग लावतेस?"

"कपाळाला आठ्या घालणार नसशील तर."

तेव्हापासून नऊ भाग झालेत. कपाळाबद्दल एकदाच बोललो. तेसुद्धा तिने विचारलं म्हणून :-)