किमान, कमाल आणि सर्वसाधारण

निफाड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी सातवीला गणित शिकवत होतो. परिपाठात रोज बातम्या व्हायच्या. म्हणजे एक जण ‘आजच्या ठळक बातम्या’ असा सूर लावायचा आणि बाकीचे पायाच्या अंगठ्याने माती उकरायचे. पेपर फाट्यावरच्या हॉटेलातून यायचा, आदल्या दिवशीचा, चहाच्या कपाची वर्तुळं उमटलेला. 6 जानेवारीला मी ‘दर्पण’ची माहिती दिली. बाळशास्त्री जांभेकर, 1832, एका रकान्यात मराठी नि शेजारी इंग्रजी. मागून आवाज आला, “गाइडासारखं का, सर?” तोवर बातम्यांना मिळालेला तेवढाच प्रतिसाद.

मग सरासरीचा धडा आला. उदाहरणं नेहमीची, धावांची नि गुणांची. म्हटलं, लासलगावची बाजार समिती शेजारी असताना कांदा का नको? बाजारभावाचा रकाना कापून आणला आणि फळ्यावर उतरवला. आकडे आता आठवत नाहीत. समजा, क्विंटलला किमान 500, कमाल 1,800, सर्वसाधारण 1,450.

“पहिल्या दोघांची बेरीज करा, दोनाने भागा.”

उत्तर आलं 1,150. वर्ग माझ्याकडे बघू लागला. मी बेधडक सांगितलं, छपाईची चूक असणार. खालची पिंपळगावची ओळ घेतली, तीही जुळेना.

एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी उठली. “सर, ते तसं नसतं. कमाल भाव एखाद्या वक्कलाला भेटतो. किमान म्हणजे गोल्टी, बारका कांदा, नाहीतर चाळीत खराब झालेला. सर्वसाधारण म्हणजे जास्त ट्रॉल्या ज्या भावात जातात, तो.”

बहुलक! पदवीला शिकलो होतो मी तो, पेपर लिहून विसरलोही होतो. छपाईची चूक मुकाट्याने मागे घेतली.

त्यानंतर पेपर माझ्या हातात फारसा आलाच नाही. आधी आवक बघायची, मग भाव, मग गंगापूर धरणात पाणी किती, असा मुलांचा क्रम ठरला. पहिलं पान बहुतेक वेळा तसंच राहायचं आणि मीही त्याचा आग्रह सोडला. जोडाक्षर आलं की अडणारा एक मुलगा ‘सर्वसाधारण’ न अडखळता वाचायचा. भाषेच्या बाईंना हे सांगितलं तर त्यांना खरं वाटेना.

एकदा मी म्हटलं, घरी लिलावाची पट्टी असेल तर आणा, पेपरातल्या भावाशी ताडून बघू. मला हौस आकड्यांची; पट्टी म्हणजे घरातली मिळकत, हे डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी सात जणांनी घड्या घातलेले कागद आणले. आम्ही तारखेप्रमाणे पेपर लावले आणि एकेकाचा भाव फळ्यावर लिहू लागलो. कुणाचा सर्वसाधारणच्या आसपास, एकाचा थेट कमालला टेकलेला. त्याने मान ताठ करून सगळीकडे पाहिलं.

सातव्याने आपली पट्टी काढली, फळ्याकडे पाहिलं, किमानच्या आकड्यावर त्याची नजर थांबली आणि कागद पुन्हा दप्तरात गेला.

मी मागितला नाही. त्या दिवशीचं गणित आम्ही सहाच आकड्यांवर केलं.