अमानत आणि अनामत

आम्ही दोघंही सोलापुरात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. वर्गात 'अमानत' हा शब्द आला की हिजरतचा प्रसंग सांगतो. मक्का सोडताना पैगंबरसाहेबांनी (स.) लोकांच्या ठेवी परत करण्यासाठी हजरत अलींना मागं ठेवलं. त्या ठेवींचे कित्येक मालक त्यांचे वैरी होते. मराठीतली 'अनामत' याच अरबी शब्दातून आली, पण तिची खरी ओळख आम्हाला घर सोडताना झाली.

घर शोधत होतो तेव्हा दोन कॉलन्यांत नाव सांगताच 'कालच दिलं' असं उत्तर मिळालं. शेवटी मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी खोल्या दिल्या. अनामत 40,000 रुपये. स्टॅम्पपेपरवर करार झाला, नोंदणी झाली नाही. आपलीच माणसं, म्हणून आम्हीही आग्रह धरला नाही.

तीन वर्षांनी घर सोडलं, तेव्हा हातात 22,000 आले. रंगाचे 9,000, फरशीवरच्या डागांचे 6,000, तोटीचे 1,500 आणि साफसफाईचे 1,500 कापले होते. तोटी आमच्याच हातून मोडली होती, ते कबूल. पण फरशीवरचे डाग पाण्याच्या पिंपांचे. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येई. पिंपं भरून ठेवल्याशिवाय कुणाचं भागत होतं? आणि चावी देण्याआधी सगळं घर आम्हीच धुऊन दिलं होतं.

पावत्या मागितल्या तर मालक म्हणाले, "मास्टरसाब, अपनेच लोगां में हिसाब क्या मांगते?" मोहल्ल्यातल्या चार जणांनीही समजावलं, की एवढ्यासाठी तोंड कडू करू नका. आम्ही गप्पच बसणार होतो. भीती होती, उद्या दुसरं घर कोण देईल?

पंधरा दिवसांनी एक टपाल न्यायला तिथं गेलो. नवे भाडेकरू राहायला आले होते. दाराजवळच्या भिंतीवर आमच्या मुलीनं पेन्सिलीनं लिहिलेलं अलिफ-बे जसंच्या तसं होतं. ज्या रंगाचे 9,000 कापले, तो लागलाच नव्हता.

त्या रात्री आम्ही मालकांना मराठीत पत्र लिहिलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी हवा, त्याची नोंदणी हवी आणि ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत करारातल्या अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. मुलीच्या गिरगिटीचे 1,000 आम्ही आपणहून सोडले आणि 15,500 मागितले. पत्र हातात देऊन, सलाम करून परतलो.

आठ दिवसांनी त्यांच्या मुलानं 14,000 आणून दिले. साफसफाईचे 1,500 त्यांनी ठेवून घेतले. आम्हीही पुढं ताणलं नाही. आता रस्त्यात भेटले की सलाम होतो, पूर्वीसारखी विचारपूस होत नाही. त्याचं वाईट वाटतं. पण गप्प बसलो असतो, तर वर्गात अमानतचा धडा शिकवताना जीभ अडखळली असती.

नव्या घराचा करार नोंदवून घेतला. भिंती, फरशी, नळ यांचे फोटो काढले, यादीवर दोघांच्या सह्या झाल्या. नवे मालकही आपल्यातलेच. "भरोसा नाही का?" म्हणाले. आम्ही म्हटलं, "चाचा, कुरआनातली सर्वांत लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे." ते हसले आणि त्यांनी पेन मागितलं.