चेंडू मागे, पाऊल पुढे



आम्ही हिंदी माध्यमातून शिकलो. तेथे एक म्हण घरोघरी ऐकू यायची: शिकाल तर नवाब व्हाल, खेळाल तर बिघडाल. मुलांना ती गमतीने ऐकवत, मुलींना मात्र खरी करून दाखवत.

आपल्या दांडिया बाजारात असे म्हणणे शोभणार नाही. प्रो. माणिकरावांचे जुम्मादादा व्यायाम मंदिर आपल्याच भागातले. कुस्ती, मल्लखांब, कबड्डी आपल्या परिचयाची. रग्बी मात्र अनोळखी. पंधरा-पंधरा खेळाडू, ऐंशी मिनिटे आणि अंडाकृती चेंडू. चेंडू घेऊन धावणारीला धरून पाडायचे. कबड्डीत पकड करणाऱ्या मुलीला यात फारसे नवल वाटणार नाही. चेंडू घेऊन पुढे पळता येते, पण हाताने द्यायचा तो बाजूला किंवा मागेच. मागून सोबतीण धावत आली नाही, तर एकटीचा वेग फार काळ पुरत नाही.

पुण्याची वहबिझ भरूचा हा खेळ खेळत भारताची कर्णधार झाली. 2018 साली सिंगापूरला भारतीय महिला प्रथमच पंधरा खेळाडूंचा आंतरराष्ट्रीय सामना खेळल्या आणि हरल्या. त्याच सिंगापूर संघाला जून 2019 मध्ये मनिला येथे त्यांनी 21-19 असे हरवले. या प्रकारातील हा भारतीय महिलांचा पहिला विजय. शेवटच्या काही मिनिटांत ओडिशाच्या सुमित्रा नायकने पेनल्टी किकवर तीन गुण मिळवले. संघात बिहारची स्वीटी कुमारीही होती; ती आधी धावपटू होती. पुणे, ओडिशा, बिहार. भाषा वेगळ्या, चेंडू एकच.

अमेरिकेची इलोना माहेर आज या खेळातील सर्वांत परिचित चेहऱ्यांपैकी एक आहे. ती नर्सिंगची पदवीधर. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सात खेळाडूंच्या रग्बीत तिच्या संघाने कांस्यपदक मिळवले. रुंद खांदे आणि बळकट शरीर मुलीने लपवू नये, हे ती उघडपणे सांगते. अभ्यास आणि खेळ एकमेकांचे वैरी नाहीत, हेही तिच्याकडे पाहून समजते.

आमची चिंता निराळी आहे. पाचवी-सहावीत मैदान गाजवणाऱ्या मुली आठवी-नववीत दिसेनाशा होतात. कारणे ठरलेली: ट्यूशन, ऊन, 'आता मोठी झाली', 'लोक काय म्हणतील'. पाय दुखला म्हणून खेळ सोडणाऱ्या थोड्या. घरून थांबवलेल्या अधिक.

म्हणून पालकांना विनंती, दहावीपर्यंत तरी मुलीचे मैदान बंद करू नका. आदरणीय विश्वस्तांना विनंती, संध्याकाळचा एक तास मैदान फक्त मुलींसाठी राखून ठेवावे आणि त्या वेळी एक शिक्षिका हजर असावी. खर्च थोडा आहे.

आणि मुलींनो, तुम्ही कबड्डी खेळा, खो-खो खेळा, उद्या रग्बीही खेळा. पुढे धावताना तुमच्या मागे कोणीतरी हवे. ते आम्ही मोठ्यांनी व्हायचे आहे.