निष्ठेची नोटरी

ऑफिसात बॉस बदलला की काय होतं? एचआरचा मेल येतो, केक कापला जातो आणि कालपर्यंत जुन्या बॉसच्या जोकवर सगळ्यात मोठ्यांदा हसणारा माणूस नव्या बॉसला सगळ्यात आधी कॉफी विचारतो. आपण त्याला मनातल्या मनात 'चमचा' म्हणतो आणि कामाला लागतो. आपल्या पिढीचा फंडा सिंपल आहे. नोटीस पिरियड संपला, निष्ठा संपली!

आमच्या घरात मात्र हा शब्द एवढा स्वस्त नाहीये. बाबा आणि काका, दोघंही ठाण्यातले जुने शिवसैनिक. रक्तदान शिबिरं, रात्री-अपरात्री अ‍ॅम्ब्युलन्स, कुणाच्या तरी मुलीची अ‍ॅडमिशन, दहीहंडी... सगळं दोघांनी मिळून केलं. पद गटप्रमुखाच्या वर कधी गेलं नाही आणि त्याचं दुःखही कधी झालं नाही. कॉलेजात मैत्रिणी विचारायच्या, ''तुझे बाबा पॉलिटिक्समध्ये आहेत?'' मी म्हणायचे, ''नाही गं, शाखेत आहेत.'' माझ्या डोक्यात त्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

मग जून २०२२ उजाडला. २० तारखेला विधान परिषदेची निवडणूक झाली आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे काही आमदारांसह सुरतला गेले. तिथून गुवाहाटी. २९ जूनच्या रात्री उद्धव ठाकरेंनी फेसबुक लाइव्हवर मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा जाहीर केला. ३० तारखेला शिंदेंचा शपथविधी. दहा दिवसांत खेळ खल्लास!

आमच्या हॉलमध्ये तो जरा जास्त दिवस चालला.

''दादा, काँग्रेसबरोबर बसायला बाळासाहेबांनी शिवसेना काढली होती का?'' काकाचा सवाल.

''मग हे विचारायला गुवाहाटी कशाला लागते? मातोश्री काय लांब आहे?'' बाबा.

''भेट मिळाली असती तर कुणी गेलंच नसतं.''

''भेट मिळाली नाही म्हणून घर फोडायचं?''

त्यानंतर दोघं गप्प. गंमत बघा, दोघांच्याही तोंडी शब्द एकच होता : निष्ठा. बाबांची निष्ठा ठाकरे नावाशी. काकाची, त्याच्या मते, बाळासाहेबांच्या विचाराशी. ३१ ऑगस्टला गणपती बसले. काकाचं कुटुंब दरवर्षीसारखं आलं, आरतीही झाली. फक्त टाळ वाजवताना दोन भाऊ एकमेकांकडे बघत नव्हते.

मग निघाली प्रतिज्ञापत्रांची टूम. पक्ष आपलाच आहे, हे सिद्ध करायला दोन्ही गटांनी कार्यकर्त्यांकडून प्रतिज्ञापत्रं भरून घ्यायला सुरुवात केली. बाबांना घेऊन मी नोटरीकडे गेले. बाहेर टायपिंगवाला, आत रबरी शिक्क्यांचा ढीग. त्याने न बघताच विचारलं, ''काय, नावात बदल का?'' बाबा म्हणाले, ''नाही. पक्षावर निष्ठा आहे, असं लिहून द्यायचंय.'' तो हसला नाही. त्या दिवसांत त्याच्याकडे अशी बरीच माणसं येऊन गेली असावीत. तिकडे काकानेही सही केली, दुसऱ्या बाजूच्या कागदावर.

पुढे काय झालं, माहितीये? ऑक्टोबर २०२२मध्ये निवडणूक आयोगाने धनुष्यबाण गोठवला आणि १७ फेब्रुवारी २०२३ला नाव-चिन्ह दोन्ही शिंदे गटाला दिलं. आयोग म्हणाला, संघटनेतलं बहुमत कुणाकडे हे ठरवता येत नाही, पक्षाची २०१८ची घटनाही लोकशाहीला धरून नाही. मग मोजलं काय? आमदार-खासदार. ५५पैकी ४० आमदार शिंदेंकडे होते. बाबांची सहीही हिशोबात निर्णायक नव्हती आणि काकाचीही. काका जिंकलेल्या बाजूला होता, एवढंच.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक किडा वळवळतोय. त्याच पंधरवड्यात लंडनमध्येही सत्ताधारी पक्षाने आपल्या नेत्याला घरी पाठवलं. ५ जुलै २०२२ला ऋषी सुनक आणि साजिद जाविद यांनी बोरिस जॉन्सन यांच्या मंत्रिमंडळातून राजीनामे दिले आणि ७ तारखेला जॉन्सन यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. पाठीत सुरा खुपसल्याचा आरोप सुनक यांच्यावरही झाला. सप्टेंबरमध्ये पक्षाच्या सदस्यांनी मतदान केलं आणि ५७ टक्के मतं घेऊन लिझ ट्रस जिंकल्या. त्या दोन महिनेही टिकल्या नाहीत आणि ऑक्टोबरमध्ये सुनकच पंतप्रधान झाले.

तिथली माणसं काही संत नाहीत. कटकारस्थानं तिथेही सॉलिड चालतात! पण तिथे तेव्हा एक नियम होता. पक्षाच्या १५ टक्के खासदारांनी पत्रं दिली की नेत्यावर गुप्त मतदान. ६ जूनला ते झालंही होतं. जॉन्सन २११ विरुद्ध १४८ असे वाचले. त्या १४८ जणांना बस पकडून दुसऱ्या शहरात हॉटेल गाठावं लागलं नाही. नेता गेल्यावर पक्षाचं चिन्ह कुणाचं, हा प्रश्नही उभा राहिला नाही.

आपल्याकडे 'आयाराम-गयाराम' थांबवायला १९८५मध्ये पक्षांतरबंदी कायदा आला. एक तृतीयांश फुटीची सवलत २००३मध्ये काढून टाकली. हेतू चांगलाच होता. पण पक्षाच्या आत नेत्याला 'नाही' म्हणायची सोय कुणी केलीच नाही. मग आमदारापुढे उरतं काय? मान डोलवायची, नाहीतर संख्या जमवून निघायचं.

मे २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की व्हीप नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ गटाचा नाही. पण ठाकरेंनी बहुमत चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला, म्हणून त्यांना परत बसवता येणार नाही. १० जानेवारी २०२४ला विधानसभा अध्यक्षांनी शिंदेंचीच शिवसेना खरी ठरवली आणि दोन्हीकडचा एकही आमदार अपात्र केला नाही. म्हणजे त्या निकालापुरतं कुणीच गद्दार नव्हतं! मग आमच्या हॉलमध्ये जे शब्द उडाले, ते कुणासाठी?

२३ नोव्हेंबर २०२४. विधानसभेचा निकाल. शिंदेंच्या शिवसेनेला ५७, ठाकरेंच्या शिवसेनेला २०. काकाचा फोन येणार म्हणून बाबांनी सकाळीच मोबाइल सायलेंटवर टाकला. संध्याकाळपर्यंत एकदाही वाजला नाही. रात्री काकूने मला सांगितलं, ''फटाके वाजवायला बोलवत होते, हे गेलेच नाहीत.''

मी ते बाबांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने विचारलं, ''त्याचा बीपी बरा आहे ना?''

नेते निष्ठा मागतात, हे ठीक आहे. पण ती मागताना शाखेत एक साधी मतपेटी ठेवली असती, तर नोटरीचा खर्च वाचला असता. आणि हरलेला भाऊ जिंकलेल्या भावाला म्हणू शकला असता, ''चल, पुढच्या वेळी बघू.''