दोनदा कापलेले दहा रुपये

नवऱ्याची बदली झाली आणि पुण्याची नोकरी सुटली. तेव्हापासून घरी बसूनच मी दोन-तीन संस्थांचे सर्व्हर सांभाळते. शेजारच्या काकू विचारतात, "अगं, दिवसभर त्या काळ्या पडद्यावर वाचतेस तरी काय?" आता त्यांना काय सांगायचं! तुम्हाला मात्र सांगते.

गावातल्या एका पतसंस्थेचा कारभार टॉमकॅटवर चालतो. जावातले प्रोग्राम चालवणारा हा फुकट मिळणारा सर्व्हर १९९९ पासून अपाचेकडे आहे. येणाऱ्या प्रत्येक मागणीला तो एक धागा देतो. थ्रेड म्हणतात त्याला. पंगतीतल्या वाढप्यांसारखे हे धागे, मुळात जास्तीत जास्त २००. पण काही धागे प्रोग्रामने स्वतःच सोडलेले असतात; ते आत माजघरात, कुणी न बोलावता राबतात. या संस्थेत असा एक धागा दर महिन्याच्या ११ तारखेला पहाटे, हप्ता चुकलेल्या रिकरिंग खात्यांना दहा रुपये दंड लावत असे.

गेल्या श्रावणात हा दंड दोनदा लागला. दहा रुपये ते काय, असं आपण म्हणू. पण भाजी विकून हप्ता भरणाऱ्या बायका संस्थेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. नोंदींवर नाव काउंटरवरच्या मुलीचं, कारण प्रोग्राम लिहिणाऱ्याने तेच आत घालून ठेवलेलं. ती कायम व्हायची होती. संचालकांनी ठरवून टाकलं, हिनेच दोनदा बटण दाबलं, आणि तिला नोटीस दिली.

आदल्या दिवशी संस्थेच्या कॉम्प्युटरवाल्याने सर्व्हर डॉट एक्सएमएल या फाइलीत धाग्यांची मर्यादा २०० ची ४०० केली होती. त्याला स्वतःला संशय त्या आकड्याचा, म्हणून मला बोलावलं. आकडा बिचारा निर्दोष होता. फाइलीत एकदा आणि फोल्डरमध्ये एकदा असा एकच प्रोग्राम दोनदा सापडला, तर टॉमकॅट तो दोनदा उभा करतो आणि मागची कामंही दोनदा होतात, हे खरं. ते आधी पाहिलं. नोंद एकच होती.

मग मशीनवर काय काय चालू आहे त्याची यादी काढली, तर दोन जावा! एक १० तारखेच्या संध्याकाळची, दुसरी जूनपासूनची. एरवी अख्खं मशीनच बंद करत. या वेळी फक्त टॉमकॅट बंद करून सुरू केला होता. जुन्याने ८०८० चं दार लावून घेतलं, म्हणून नवा विनातक्रार उभा राहिला. पण माजघरातल्या धाग्याला 'थांब' असं कुणी सांगितलंच नव्हतं, आणि असा एक धागा उरला तरी जावा मरत नाही. डेटाबेसची जोडणीही त्याने स्वतःच उघडलेली, त्यामुळे हात चालूच! टॉमकॅटने लॉगमध्ये स्पष्ट लिहिलं होतं, की हा धागा सुरू केलात पण थांबवला नाहीत. वाचतो कोण!

जेस्टॅक चालवून जुन्या जावातल्या धाग्यांची यादी छापून घेतली. हे महाशय तिथे पुढच्या वेळेची वाट बघत निवांत झोपलेले. ते दोन कागद संचालकांपुढे ठेवले.

कॉम्प्युटरवाला म्हणाला, "मॅडम, डीमन धागा करून टाकू, म्हणजे आपोआप मरेल." मला ते पटलं नाही. निम्म्या खात्यांना दंड लावून तो मध्येच मेला तर? त्यापेक्षा प्रोग्राम बंद होताना धाग्याला थांबायला सांगायचं, हातातलं काम संपू द्यायचं, आणि एका खात्याला एका महिन्यात दुसरा दंड डेटाबेसनेच नाकारायचा, असं करून घेतलं.

बायकांचे पैसे त्याच आठवड्यात खात्यात परत जमा झाले. मुलीची नोटीस मागे घ्यायला मात्र संचालकांना पुढची सभा लागली.