आधी ती दहा नावं

मदन महल, जबलपूर

चि. बबी,

जोशी-अभ्यंकर हत्याकांडावरचा तुझा कार्यक्रम ऐकला. हे मध्येच उठून फिरायला निघून गेले, मी शेवटपर्यंत बसले. आवाज गोड आहे तुझा, मेहनतही दिसते. पण त्या चौघा मारेकऱ्यांची व्यसनं, त्यांची कॉलेजातली मस्ती, फाशीच्या आधीचं बोलणं, सगळं रंगवून सांगितलंस आणि त्यांनी मारलेल्या सकूबाई वाघ तुझ्या तोंडी नुसत्या ‘मोलकरीण’! रागावू नकोस, पण मला ते लागलं.

‘आत्या, तेव्हा पुण्यात भीती कशी होती गं?’ असं विचारतेस. दिवेलागणीला दारं लागत, रस्ते ओस पडत. झालं. यापलीकडे भीतीबद्दल मला काही सांगायचं नाही, कारण तुम्हा सगळ्यांना नेमकं तेवढंच हवं असतं. त्या चौघांपैकी एकाचं आत्मकथन छापून आलं, ‘माफीचा साक्षीदार’ सिनेमा निघाला. मेलेल्यांच्या वाट्याला काय आलं? हत्याकांडाच्या नावातही दोनच आडनावं. हेगडे, गोखले आणि वाघ त्यातूनही बाहेर.

प्रकाश हेगडेचंच बघ. त्या चौघांच्या कॉलेजमागे त्याच्या वडिलांचं ‘विश्व’ हॉटेल. जानेवारी १९७६ मध्ये त्याला मारलं आणि पिंपात घालून पेशवे पार्कच्या तळ्यात टाकलं. त्याआधी त्याच्याच हातून, घर सोडून जातोय, अशी चिठ्ठी लिहून घेतलेली. मृतदेह मिळाला १९७७ मध्ये, चौघे पकडले गेल्यावर. म्हणजे वर्षाहून जास्त काळ त्या घरात मुलगा बेपत्ताच. तू हे एका वाक्यात उरकलंस.

आणि काशिनाथशास्त्री अभ्यंकर म्हणजे काय कुणी ‘वृद्ध प्रोफेसर’? वडील वासुदेवशास्त्र्यांनी पतंजलीचं महाभाष्य मराठीत आणलं, त्याचा प्रस्तावना खंड या मुलाने लिहिला. कीलहॉर्नने संपादलेल्या महाभाष्याची सुधारित आवृत्ती भांडारकर संस्थेसाठी यांनीच केली. यांचा संस्कृत व्याकरणाचा कोश १९६१ मध्ये बडोद्याहून निघाला. माझी शिवण उसवलेली प्रत आत्ता समोर उघडी आहे. पाणिनीची एकेक संज्ञा घ्यायची आणि सूत्र कुठलं, भाष्यकारांचं म्हणणं काय, हे मोजक्या ओळींत मांडायचं, असं पानामागून पान. १ डिसेंबर १९७६ च्या रात्री भांडारकर रस्त्यावरच्या ‘स्मृती’ बंगल्यात हा माणूस मारला गेला. पत्नी इंदिराबाई, विशीच्या आसपासची नातवंडं जाई आणि धनंजय, आणि सकूबाईही.

शास्त्रीबुवांचं छापील काम मागे राहिलं म्हणून मी एवढं लिहू तरी शकते. सकूबाईंबद्दल मात्र साठीच्या होत्या, यापुढे मला आजवर कुणी काही सांगितलेलं नाही. आमच्या इथे राणी दुर्गावतीच्या नावाचं विद्यापीठ आहे, संग्रहालय आहे. राण्यांची सोय होते गं. आणि मारेकऱ्यांच्या नावांचं म्हणशील, तर २०१९ मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ माणसं गेली, तेव्हा न्यूझीलंडच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी मारेकऱ्याचं नाव घेणार नाही, असं संसदेत सांगितलं होतं. या पत्रात मीही ती चार नावं लिहिलेली नाहीत.

वहिनी सांगत होती, खटल्याचे कागद रात्री-रात्री एकटी वाचत बसतेस. झोप तरी लागते का? दाराला आतून साखळी बसवून घेतलीस का? ते लोक बेल वाजवून आत शिरले होते, दार धनंजयने उघडलं होतं. मे महिन्यापासून सांगतेय तुला. कागद दिवसा वाच आणि दूध घेऊन झोपत जा.

पुढचा भाग केलास तर आधी नावं घे: प्रकाश हेगडे, अच्युत, उषा आणि आनंद जोशी, काशिनाथशास्त्री, इंदिराबाई, जाई आणि धनंजय अभ्यंकर, सकूबाई वाघ, अनिल गोखले. सकूबाईंच्या माणसांचा शोध घे. सापडली, तर आधी त्यांना विचार. ती हो म्हणाली तरच सकूबाईंबद्दल बोल, नको म्हणाली तर त्यांच्या दारातून मुकाट्याने परत ये.

तुझी,
आत्या