शनिवारचं पान

हिब्रू उजवीकडून येते, मराठी डावीकडून, आणि नव्वदीच्या अखेरच्या त्या पाठीला पोक आलेल्या मॉनिटरवर दोघींची गाठ पडायची ती मध्येच कुठेतरी, निळसर उजेडात. ठाण्यातल्या आम्हां बेने इस्राएली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, पोरापोरींच्या गटाची ती पहिली वेबसाइट. जिओसिटीजवर फुकट मिळालेली जागा, साधं नोटपॅड आणि रात्री उशिरा, घरच्यांचे फोन आटोपल्यावर, मोडेमचा तो खरखरत किंचाळणारा सूर. तेव्हाच्या बऱ्याच ब्राउझरना हिब्रूची चाल उमगत नसे. 'शालोम' लिहायचं तर आधी मेम, मग वाव, मग लामेद आणि शेवटी शिन, असं एकेक अक्षर पाठमोरं टाकायचं, तेव्हा कुठे पडद्यावर ते सुलट दिसायचं; आणि ओळ जराशी लांबून काठाशी मोडली की प्रार्थनेचा शेवट वर जायचा, सुरुवात खाली यायची. मराठीचं दुखणं निराळं. आमचा फॉन्ट समोरच्याच्या संगणकात नसला तर त्याला नुसता चिन्हांचा किडा-मुंगीसारखा पसारा दिसणार, म्हणून मजकुराचं चित्रच करून चिकटवलं. ज्या भाषेत आजी देवाशी भांडायची ती चित्र होऊन बसली, आणि जी आम्ही अर्थ न कळता घोकली ती उलट्या पावलांनी आली.

इंग्रजी तेवढी निमूट.

मग फोटो. घराघरांतल्या पेट्यांतून अल्बम निघाले, त्यांच्या चिकट पानांना डांबराच्या गोळ्यांचा वास. अलिबागजवळच्या खंडाळ्याची सहल, जिथल्या खडकावर एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या रथाची खूण आहे असं आमची माणसं पिढ्यान् पिढ्या सांगत आली. नवगावचा किनारा, जिथे पूर्वजांचं गलबत फुटलं म्हणतात. 1879 सालच्या शार हाशामाइम या आमच्या देवळाच्या आवारात उन्हानं डोळे बारीक केलेली पोरं. हनुक्का सणाच्या मेणबत्त्या. मलिद्याचं ताट: भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, फळांचे काप, वर गुलाबाच्या पाकळ्या. सगळं स्कॅन झालं, नावं देऊन झाली, आणि तेव्हा लक्षात आलं, की या एवढ्या ढिगात शब्बाथ, आमचा शनिवारचा विसावा, कुठेच नाही. असणार कसा? त्या दिवशी कॅमेऱ्याला हात लावायचा नसतो. ज्याच्याभोवती आमचा सारा आठवडा फिरत आला, तो शुक्रवारचा कलता उजेड, देवळात शिरताना वाळ्यासारखा गार वाटणारा काळोख, प्रार्थना म्हणणाऱ्या हज्जानच्या आवाजामागून स्टेशनात शिरणारी लोकल, किद्दुशच्या आशीर्वादानंतर मिळणाऱ्या मनुकांच्या शरबताचा जिभेवर रेंगाळणारा तुरटगोड घोट, यातलं काही काही कधी टिपलंच गेलं नव्हतं.

शनिवारच्या पानावर चित्र नव्हतं.

मला ते पान सगळ्यांत खरं वाटायचं. कोकणात आमच्या लोकांना शनिवार तेली म्हणत. वंशावळीवरून नव्हे, धर्मग्रंथावरून नव्हे; शनिवारी घाणा बंद, एवढ्यावरून गावानं त्यांना ओळखलं. न केलेल्या कामानं. आणि आम्ही उभारत होतो ते दुकान सातही दिवस उघडं राहणारं! त्यावरून वादंग माजलं. कुणी म्हणे, शुक्रवारी मावळतीला साइटला कुलूप लावा. कुणी म्हणे, मग अमेरिकेतल्या माणसाची सकाळ बंद कशाला? शेवटी एका जुन्या जाणत्यांनी दोन वाक्यांत मिटवलं: शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत दिवा लावतो, रात्रभर तो आपला आपण जळतो, कुणी हात लावत नाही ना? मग साइटलाही हात लावू नका. मला एकदम घरातला कंदील दिसला. काचेच्या पेल्यात पाणी, पाण्यावर खोबरेलाचा पिवळसर थर, त्यावर तरंगणारी वात. आणि तेलाच्या माणसांनी तेवढ्या एका दिवसासाठी राखून ठेवलेलं ते तेल.

शनिवारी तीन तारे दिसले, हवदाला, शब्बाथचा निरोप, झाला, की आम्ही संगणकाकडे धावायचो. पण आमची माणसं जाऊन वसली ती इस्राएलमधली लोद, अश्दोद, दिमोना अजून शब्बाथातच असायची. तिकडची मावळती आपल्यामागून येणारी. तिथल्या माणसांची ई-पत्रं मध्यरात्र उलटल्यावरच उतरायची.

2009 साली जिओसिटीज बंद झालं आणि आमची पानंही गेली. जीर्ण पोथी आम्ही जाळत नाही, फेकत नाही. गेनिझात, अशा पोथ्यांसाठी राखलेल्या जागेत, जपतो, मग मातीला देतो. या पानांना माती मिळाली नाही.

एक पत्र तेवढं कुणीतरी छापून ठेवलेलं, ते माझ्याकडे आहे. अश्दोदच्या एका मावशींचं, रोमन अक्षरांत ओढूनताणून बसवलेलं मराठी. साइट कशी वाटली, हे त्यात नाहीच. "बाळांनो, तो मलिद्याचा फोटो जरा मोठा टाका. गूळ घातलाय की साखर, काही कळत नाही. आणि खोबरं एवढं कमी का?"